बारीक बी पेरलं, पण उगवंना गेलंय? आधी हे तपासा

दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या गल्लीतलं कुणी ना कुणी रिकामा ट्रे घेऊन दारात उभं असतं. यंदा शेजारची नववीतली पोर होती. "काकू, पिटुनिया उगवंना गेलाय. बोगस बी दिलंय." ट्रेमधली माती वरून सुकून पांढरट झालेली, बोट लावलं तर पापडासारखी उचलून आली. "किती खोल टाकलंस?" म्हणलं, तर तिनं अंगठ्याचं पेर दाखवलं. हरभरा पेरतात तितकं खोल पिटुनियाचं बी गाडलं होतं बिचारीनं. वरून मगानं पाणी.

मी परभणीत गच्चीवर आणि मागच्या अंगणात मिळून सोळा वर्षं भाज्या नि फुलं लावतेय. त्यातली पहिली पाच वर्षं मी पण दुकानदारालाच शिव्या दिल्या. नंतर लक्षात आलं की रिकामा ट्रे दिसायला सारखाच असतो, पण तो रिकामा राहण्याची कारणं वेगवेगळी असतात. बी मेलेलं होतं, उगवून वर येता आलं नाही, उगवून रातोरात गेलं, की मुंग्यांनी उचललं? हे न शोधता दुसरं पाकीट आणलं तर त्याचंही तेच होणार. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमानं बघा.

बी मेलंय का?

सोयाबीनचं बी घरचं वापरायचं तर मे महिन्यात उगवण तपासतात ना, ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडून, गुंडाळी करून, 70 तरी उगवले पाहिजेत म्हणून? तेच इथं करायचं, फक्त गोणपाटाच्या जागी टिश्यू पेपर आणि 100 च्या जागी 20 दाणे. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणात ओला टिश्यू अंथरा, त्यावर बी मांडा, वरून दुसरं झाकण. उजेडात ठेवा, उन्हात नको. राजगिरा चार-पाच दिवसांत पांढरं शेपूट दाखवतो. टोमॅटोला आठवडा, मिरचीला आठ ते बारा दिवस, पिटुनियाला सात ते दहा, गाजराला दोन आठवडे सुद्धा लागतात. इथं धीर न धरता पाचव्या दिवशी गाजर फेकून देणारे मला माहीत आहेत. (त्यांच्याशी माझं लग्न झालेलं आहे.)

झाकणात उगवलं आणि ट्रेत उगवलं नाही, तर बी चांगलं आहे. दोष आपला. झाकणातही काही नाही, तर मग खुशाल दुकानात जा. एक लक्षात असू द्या, कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतं. मागच्या वर्षीचं उरलेलं कांद्याचं बी ट्रेत टाकून वाट बघत बसू नका.

उगवतं, पण वर येत नाही

परभणीतले दहा रिकामे ट्रे आणून दाखवा, त्यातले सहा-सात या प्रकारातले निघतील, असा माझा अंदाज.

आधी बी किती बारीक आहे ते नीट समजून घ्या. टोमॅटोचं बी एका ग्रॅममध्ये साधारण 300 भरतं. राजगिरा हजाराच्या वर. पिटुनियाचं जवळपास 10,000, आणि बिगोनिया तर 70,000 च्या पुढं. हरभऱ्याच्या दाण्यात अंकुराची चांगली गाठोडंभर शिदोरी असते, मातीच्या दोन इंच थरातून वर यायला ती पुरते. पिटुनियाच्या दाण्यात दोन घास. त्या दोन घासांवर त्याला मूळ खाली सोडायचंय, पानं वर काढायचीत, आणि उजेड गाठून स्वतःचं अन्न स्वतः करायला लागायचंय. अर्ध्या इंचात शिदोरी संपते. अंकुर मातीतच राहतो.

बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम बारीक बियाला लावला तर उत्तर येतं "जवळपास शून्य". म्हणून पिटुनिया, डॉग फ्लॉवर, ऑफिस टाइम, तुळस, लेट्यूस हे मातीवर नुसतं ठेवायचं आणि सपाट लाकडाच्या तुकड्यानं हलकं दाबायचं. झाकायचं नाही. यातल्या बऱ्याच बियांना उगवायला उजेड लागतोच. राजगिरा, माठ, चुका यांच्यावर चहाच्या गाळणीतून जेमतेम बी दिसेनासं होईल इतकी माती भुरभुरायची. गाजर आणि कांदा अर्धा ते एक सेंटीमीटर. सदाफुलीचं मात्र उलटं आहे, तिला अंधार लागतो. तिचा ट्रे उगवेपर्यंत वर्तमानपत्रानं झाकून ठेवा आणि पहिलं कोंब दिसलं की लगेच काढा.

दुसरा गुन्हेगार म्हणजे आपली काळी माती. कापसाला, तुरीला सोनं आहे ती, पण बियांच्या ट्रेत तिच्यासारखी वैरीण नाही. बेसाल्टपासून झालेली ही चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल अशा भेगा पडतात, तेच ट्रेत केसाएवढ्या भेगांच्या रूपात होतं. बी त्या भेगांमध्ये घरंगळतं, दुसऱ्या पाण्याला भेग मिटते, बी दोन इंच खाली गाडलं जातं. वर पापुद्रा धरतो तो वेगळाच. राजगिऱ्याचा कोंब तो पापुद्रा फोडू शकत नाही. कधी कधी सगळे मिळून पापुद्र्याची खपली उचलून धरतात आणि खाली पिवळे पडून मरतात. खपली उलटून बघितलीत तर दिसतील.

म्हणून ट्रेच्या वरच्या एका इंचात काळी माती अजिबात नको. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं गांडूळखत आणि धुतलेली बारीक वाळू असं दोन-एक-एक घेते. खाली पाहिजे तर अंगणातली माती भरा, पण वरचा इंचभर थर पिठाच्या चाळणीतून चाळलेला. कोकोपीट तसंच वापरू नका, त्यात मीठ असतं. भिजवून, पिळून, पाणी टाकून द्यायचं, असं दोन-तीनदा.

मिठावरून आठवलं. माझं माहेर लातूरचं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या सालापासून आमच्या आईला पाण्याचा थेंब टाकवत नाही. भांडी धुतलेलं पाणी झाडांना, कूलरचं पाणी झाडांना, आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी सुद्धा झाडांना. मोठ्या झाडांना ते अधूनमधून खपतं. पण आरओचं बाहेर टाकलेलं पाणी म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार आणखी घट्ट करून दिलेला. आईनं दोन वर्षं वांग्याची रोपं त्याच पाण्यावर करायचा प्रयत्न केला. ट्रेच्या कडेला पांढरा खार फुटायचा आणि रोपं यायचीच नाहीत. बियांना नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. तुमच्याकडं नुसतं बोअरच असेल तर निदान ते आरओचं तरी नको.

पाणी द्यायचं कसं, तर वरून नाहीच. झारीचं पाणी सुद्धा पिटुनियाला पुराच्या पाण्यासारखं वाटतं, सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जाऊन बसतं. परात घ्या, तिच्यात बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी, त्यात खाली भोकं पाडलेला ट्रे ठेवा. माती खालून पाणी ओढते. वरचा थर गडद झाला की, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत, उचलून निथळायला ठेवा. हे पेरायच्या आधी एकदा करायचं. पेरून झाल्यावर फक्त स्प्रेची बाटली, तीही ट्रेवर रोखायची नाही. बाटलीचं तोंड वर आभाळाकडं धरून फवारायची, म्हणजे दंव पडल्यासारखं खाली येतं. मग मिठाईच्या डब्याचं झाकण. झाकणाच्या आतून बाष्प धरलंय तोवर पाण्याची गरज नाही.

आणि एकदा का बी फुगून कोंब फुटायला लागला, की तिथून पुढं त्याला सुकून परत ओलं होणं चालत नाही. अर्धा दिवस सुकलं तरी आतला अंकुर मरतो. आपल्याकडं ऑक्टोबरच्या दुपारी पारा 33-34 पर्यंत जातो, सिमेंटची गच्ची त्याहून तापते, वारा कोरडा. सकाळी आठला ओला केलेला उघडा ट्रे बाराला कोरडा. तुम्ही ऑफिसातून सहाला येऊन परत पाणी घालता, वर वर सगळं ओलं दिसतं, पण बियाचं काम दुपारीच संपलेलं असतं. झाकण आणि सावली, दोन्ही लागतात. गच्चीवर पन्नास टक्क्यांची शेडनेट असेल तर तिच्याखाली, नाहीतर पूर्वेच्या खिडकीत. झाकण लावलेला ट्रे थेट उन्हात मात्र ठेवू नका, आत बी शिजतं. गाजर आणि लेट्यूसला तर गरम माती चालतच नाही. त्यांच्यासाठी कोजागिरी होऊन रात्री गार पडू द्या.

बी एकाच जागी ढिगानं पडतं

हा माझा आवडता विषय.

दाट पेरणं हे नुसतं बी वाया घालवणं नसतं. दाटीत हवा खेळत नाही, रोपं लांबट होतात, आणि पुढं जी मर येते तिची सुरुवात इथं होते. पण चिमटीत घेतलेल्या राजगिऱ्यातून चार दाणे सोडायचे म्हणलं तर चारशे पडतात. चिमूट हलवायची हिंमत होत नाही आणि हलवली की थांबत नाही.

यावर मी काय काय केलं ते सांगते. ऑनलाइन मिळणारं, फिरवायची चकती असलेलं हातात धरायचं यंत्र घेतलं. टोमॅटोला, मुळ्याला बरं चाललं. पिटुनियाला सगळ्यात बारीक भोक लावलं तरी एका टिचकीत पाव पाकीट. पैसे गेले. मग मीठदाणी. मीठदाणीत बी आणि वाळू भरली आणि हलवत पेरत गेले. पहिल्या निम्म्या ट्रेत नुसती वाळू पडली, शेवटच्या कोपऱ्यात सगळं गाजर. कारण साधं आहे, हलवलं की जड वाळू खाली बसते आणि हलकं बी वर येतं. सुपात पाखडताना आपण हेच तर मुद्दाम करतो! मीठदाणी म्हणजे उलटं सूप झालं. तेव्हापासून मिश्रण कधी बाटलीत भरत नाही, आणि गाजर, लेट्यूस, झेंडू असल्या हलक्या बियाला वाळूऐवजी वाळवून चाळलेलं गांडूळखत घेते, म्हणजे दोन्हींचं वजन जवळपास येतं.

रवा मिसळू नका. मी मिसळला होता. पांढरा दिसतो, दाण्याला सारखा, वाटलं किती हुशारी केली. मुंग्यांनी बारसं घातलं त्या वाफ्यात.

ही मिसळायची युक्ती काही नवी नाही. तीळ पेरायचा तर एकराला जेमतेम किलोभर बी लागतं. किलोभर तीळ एकरभर सारखा पोचवायचा, तर सासरे त्यात चाळलेली वाळू मिसळायचे. तिफणीमागं चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरून चालताना मुठीतून काय सुटतंय ते बोटांनाच कळायचं. बाकी लोक राख, चाळलेलं शेणखत, जे हाताशी असेल ते घेतात. मला हे सगळं लग्नानंतर दिसलं होतं, पण गच्चीवरच्या ट्रेशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही.

संबंध लावला तो सासूबाईंनी. मी अंगणात गुडघ्यावर बसून टूथपिकनं राजगिरा एकेक मांडत होते. त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या.

"काय करायलीस?"

"आत्याबाई, बी पेरायले."

"पेरायलीस का अक्षता टाकायलीस? सर तिकडं."

वाटीतलं वाळू-राजगिऱ्याचं मिश्रण त्यांनी चिमटीत घेतलं, वाकल्या, आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळीची रेघ ओढावी तशी रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी. काळ्या मातीवर पांढुरक्या वाळूच्या चार रेघा, आखल्यासारख्या. पाचव्या दिवशी राजगिरा त्याच रेघांवर लाल सुईसारखा उभा होता, कुठं झुबका नाही, कुठं टक्कल नाही.

ज्यांनी लहानपणापासून दारात रांगोळी काढलीय त्यांच्या बोटांना हे येतं, फक्त सांगता येत नाही. मी बघून बघून शिकले ते असं: चिमूट अंगठा आणि तर्जनीची, मधलं बोट खालून टेकू द्यायला. बोटं चोळायची ती सारखी आणि सावकाश, त्यांचा वेग बदलायचा नाही. दाट-पातळ ठरतं ते हाताच्या चालीवर. पातळ हवं तर हात भरभर पुढं न्या, बोटं तशीच चालू द्या. नवशिके याच्या उलट करतात, हात जागेवर आणि बोटं घाईत, म्हणून ढीग. आणि चिमूट संपायच्या आधी दुसरी घ्या, शेवटचा दाणा पडेपर्यंत चोळत बसलात की तिथं रेघ तुटते.

मिश्रणाचं माप: एक चमचा राजगिऱ्याला दहा चमचे वाळू. वाळू कोरडी खडखडीत आणि मैद्याच्या चाळणीतून चाळलेली. पिटुनियाचं 100 दाण्यांचं पाकीट असेल तर अर्धा चमचा वाळू पुरे. पांढरी रांगोळी मिसळली तर रेघ अजून छान दिसते, पण आपली माती आधीच विम्लाकडं, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकलेली, त्यात रांगोळी म्हणजे चुनखडीसारख्या दगडाची भुकटी. दिसण्यापुरती चिमूटभर ठीक. रंगीत रांगोळी नकोच. राखेचंही तेच, शेतात चालते, ट्रेत टाळा.

हाताला सवय नसेल तर दिवाळीत रस्त्यावर रांगोळीचे प्लास्टिकचे पेन मिळतात, नळीसारखे, ते घ्या. राजगिऱ्यासाठी तोंड ब्लेडनं किंचित मोठं करावं लागतं. आधी नुसत्या वाळूनं वर्तमानपत्रावर दोन-चार रेघा ओढून बघा. आणि सरावाला महागडं बी नको, किराणा दुकानातला कच्चा राजगिरा आणा. लाह्या नव्हे! कच्चा चांगला उगवतो, आणि दाट झालाच तर उपटून भाजी.

टोमॅटो, वांगं, मिरची, कांदा यांना रांगोळीची गरज नाही. त्यांना लग्नपत्रिका. लग्नसराई संपल्यावर घरात जो गठ्ठा उरतो त्यातली गुळगुळीत, जाड पत्रिका मधोमध दुमडायची, घडीच्या खाचेत बी ओतायचं, पत्रिका अगदी थोडी तिरकी धरायची आणि दुसऱ्या हातानं मागून नखानं टिचक्या मारायच्या. बी खाचेतून एकामागं एक निघतं, रेशनच्या रांगेसारखं. साधा कागद घेतलात तर बी अडकतं आणि मग एकदम धबाबा पडतं.

पिटुनियाचं महागडं संकरित बी, पाकिटात मोजून 50, तिथं मात्र एकेकच ठेवावं लागतं. पांढऱ्या बशीत बी ओता. उदबत्तीची जळून उरलेली काडी पाण्यात बुडवून झटका, टोक नुसतं ओलसर राहू द्या. त्या टोकाला एक दाणा चिकटतो. ओल्या कोकोपीटला टेकवला की काडी सोडून तिथं बसतो. हे करताना पंखा बंद पाहिजे, आणि नुसता बंद नाही, बटण बंद पाहिजे. एका संध्याकाळी लाइट गेलेली, मी खिडकीच्या उजेडात बशी मांडून बसले, बारा-तेरा दाणे लावून झाले आणि लाइट आली. पंख्याचं बटण चालूच होतं. उरलेला पिटुनिया कुठं गेला तो अजून घरातच असणार.

आता हे बी बऱ्याचदा मातीचं कवच चढवून गोळ्या केलेलं मिळतं, ते बोटानं सुद्धा लावता येतं. पण त्यावर माती टाकू नका, आणि कवच पूर्ण भिजून फुटलं पाहिजे. निम्मं भिजून सुकलं तर आतलं बी कोंडून मरतं.

गाजरासाठी अजून एक, जरा खटाटोपाचं. झाकणातल्या टिश्यूवर गाजराचं बी नुकतं कोंब दाखवेल तोवर ठेवायचं. कपभर पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून पातळ खळ करायची, ती पूर्ण गार झाली की त्यात कोंब आलेलं बी हलक्या हातानं सोडायचं. मेंदीचा कोन करतो तसा प्लास्टिकचा कोन करून त्यात भरायचं आणि सरीत सोडत जायचं. दाणे खळीत तरंगत राहतात, तळाशी बसत नाहीत, म्हणून सारखे पडतात. लगेच मातीनं झाका, आणि खळ उद्यावर ठेवू नका, कोंब गुदमरतात. तीन फूट वाफ्यासाठी एवढं करायचं का, हे तुम्ही ठरवा. मी एक वर्ष केलं, गाजर झकास आलं, पुढच्या वर्षी परत रांगोळीवर आले.

सब्जाचं बी भिजवून पेरायच्या भानगडीत पडू नका. बुळबुळीत होऊन बोटालाच लटकतं.

उगवलं आणि चार दिवसांत झोपलं

संध्याकाळी हिरवागार ट्रे, सकाळी मधोमध एक गोल टक्कल. रोप उपटून बघा. बुडाशी, मातीला लागून, देठ दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट झाला असेल तर ती मर. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशी मातीत असतातच, त्यांना फक्त दाटी आणि चिकचिक पाहिजे. झोपलेलं रोप उठत नाही. तो भाग चमच्यानं मातीसकट काढून फेका, झाकण कायमचं काढा, पाणी फक्त सकाळी आणि तेही परातीतून.

खरा उपाय पेरायच्या आधीचा आहे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) किलोभर गांडूळखताला दहा ग्रॅम मिसळून, ओलसर करून आठ दिवस सावलीत ठेवा आणि तेच खत वरच्या थरात वापरा. परभणीकरांना तर कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे असल्याच उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण, घरचंच आहे. शेतकरी लांबून लांबून न्यायला येतात ते, आपण रिक्षानं जायचा कंटाळा करतो. आणि ज्यांना काहीच आणायचं नाही त्यांच्यासाठी आपला मे महिना आहे. माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली, कडा दाबून, चार ते सहा आठवडे उन्हात ठेवा. मर आणणाऱ्या बऱ्याच बुरशी फुकटात मरतात. जगात कुठं कुठं यासाठी ओव्हन लावतात म्हणे.

रोपं झोपलीत पण बूड ठणठणीत पांढरं आहे, नुसती लांबुळकी होऊन लवंडलीत, तर ती मर नाही, उजेड कमी पडलाय. खिडकीतून बाहेर आणा, दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन द्या.

बी गेलं कुठं?

झाकणात उगवलं, खोली बरोबर, ओल बरोबर, तरी ट्रे रिकामा. मातीवर बारीक भोकं आणि कडेला लाल मुंग्यांची रांग दिसली तर उत्तर मिळालं. पावडरी मारत बसू नका. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतो तसं करा: परातीत पाणी, पाण्यात उलटी वाटी, वाटीवर ट्रे. ट्रेची कड परातीला किंवा भिंतीला टेकली की पूल झाला, तेवढं बघा. जमिनीवरच्या वाफ्यात हे होत नाही, तिथं मी बी दीडपट टाकते आणि त्यांचा वाटा समजून सोडून देते. चिमण्या-साळुंक्यांना मात्र जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चार काड्यांवर ताणला की पुरतो.

विरळणी

दाट झालेली रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं सोबत येतात. नखं कापायच्या कात्रीनं मातीलगत कापा. दुसरीकडं लावायची असतील तर खऱ्या पानांची पहिली जोडी येऊ द्या, मग उदबत्तीच्याच काडीनं खालून उकरा आणि रोप पानाला धरा, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ दबला की रोप गेलं.

त्या नववीतल्या पोरीच्या ट्रेचा वरचा थर आम्ही दोघींनी खरवडून काढला, नवीन कोकोपीट घातलं, आणि पाकिटात उरलेले सतरा दाणे तिनं काडीनं लावले. पंख्याचं बटण मी स्वतः बंद केलं. नवव्या दिवशी ती झाकण उघडून मोजत होती. अकरा आलेत, एक अजून टोपी काढायलंय म्हणे.